बरणीतल्या बाई

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात कोणालाही विचारा, चेरीतालच्या हळदीकुंकवाची गोष्ट तो तुम्हाला सांगेल. चैत्रगौर बसली होती, बायका जमल्या होत्या, आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने पाळलेला तळहाताएवढा कोळी भिजवलेल्या हरभऱ्यांच्या पातेल्यातून वर आला. तो शांतपणे गौरीच्या झोपाळ्यात जाऊन तिच्या शेजारी बसला. बायका चपला तिथेच टाकून ज्या सुटल्या त्या थेट कमानिया गेटपर्यंत. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो.

असं काही घडलं नव्हतं. ते सगळं मी रचलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

ज्यांच्यावर रचलं त्यांना आमच्या कारखान्यात सगळे दादा म्हणायचे. तपासणी विभागात ते माझे वरिष्ठ. तयार झालेला भाग टेबलावर आला की दादा त्याला माप तपासायचं गेज लावायचे आणि दोनच शब्द बोलायचे, ‘पास’ किंवा ‘परत’. सगळा जन्म या दोन शब्दांवर काढल्यामुळे बाहेरच्या जगालाही ते हेच लावत. कँटीनचा समोसा उचलून, फिरवून, खाली ठेवून म्हणायचे, “परत.” कोणाच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो पाहून म्हणायचे, “पास. पण कान बघून घ्या जी.” स्वतः बिनलग्नाचे. एकदा एका नव्या पोराने भोळेपणाने विचारलं, दादा, तुम्ही लग्न काहून नाही केलं? दादा गेज पुसत म्हणाले, “मी गेलो होतो ना तपासणीला. परत आलो.”

कोळी त्यांच्याकडे आला तो वादळामुळे. रांझीला कारखान्याजवळच्या आमच्या क्वार्टरांच्या मागे एक जुना आंबा होता, तो वाऱ्याने आडवा झाला. सकाळी सगळे लाकडं न्यायला धावले. कामावर येणारे दादा चेरीतालच्या बसमधून उतरले ते झाडाच्या ढोलीत डोकं घालून बसले. थोड्या वेळाने त्यांनी आपला जेवणाचा डबा उघडला, पोळीभाजी माझ्या हातात दिली, “धरा जरा,” आणि डब्यात काहीतरी अलगद घेऊन झाकण लावलं. राखाडी, केसाळ, अंगावर नक्षी, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला पिवळा पट्टा. झाडावर राहणारा टॅरँटुला. एक पाय मुळापासून तुटलेला होता. पोळीभाजी माझ्या हातातच राहिली, आणि दुपारी आम्ही दोघांनी मिळून ती कागदावर खाल्ली.

“पाय परत येतो त्यांचा,” दादा म्हणाले. “कात टाकली की येतो. तोवर ठेवतो, मग सोडून देतो.”

पाय आला. पहिल्यांदा आला तो काडीसारखा बारीक होता. आम्ही विचारायचो, दादा, आला ना पाय, मग सोडा आता. दादा म्हणायचे, “आला, पण मापात नाही.” पुढच्या कातीला तो मापात आला. तेव्हा म्हणाले, रंग जुळून नाही राहिला. त्यानंतर म्हणाले, थंडीत कोणाला घराबाहेर काढतात का? पुढे आम्ही विचारणं सोडलं. कोणत्याही भागाला एका नजरेत पास करणारा माणूस त्या एका पायाला वर्षानुवर्षं पास करत नव्हता.

ती मादी आहे असं त्यांनी कशावरून ठरवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. नाव ‘बाई’. आणि बोलायचं ते आदरार्थी. “बाई आज जेवल्या नाहीत.” “बाईंनी कालपासून दार विणून घेतलंय, कोणाला भेटत नाहीत.” बाईंचं घर म्हणजे फरसाणवाल्याकडून मागून आणलेली उंच काचेची बरणी. आत आंब्याच्या सालीचा मोठा तुकडा उभा केलेला, झाकणाला भोकं, आणि एका बाजूने ब्रशने रोज शिंपडलेलं थोडं पाणी. बाई त्या सालीमागे राहत.

बाईंना कान नव्हते, पण हादरा कळायचा. म्हणून दादांच्या खोलीत जायचं तर जिन्याखालीच चपला काढायच्या, दार मिटायचं ते बाळ झोपलेल्या घरात मिटावं तसं, आणि बोलायचं हळू. पंखा खडखडायचा म्हणून भर मे महिन्यात बंद. आम्ही तीन-चार जण घाम पुसत, कुजबुजत, बरणीसमोर मांडी घालून बसायचो. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर सत्यनारायण चाललाय असं वाटलं असतं. दिवाळीत फटाके सुरू झाले की दादा बरणीला रजई गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. फराळाला गेलं की ताट आपणच वाढून घ्यायचं, कारण यजमान उठू शकत नसे.

आणि इतकं करून दिसायचं काय? सालीच्या कडेवरून बाहेर आलेली दोन पायांची टोकं. बस्स. माणसं मोठी तयारी करून येत, मोबाईल काढून ठेवत, आणि दोन टोकं पाहून जात. “हातात घेऊन दाखवा ना दादा,” कोणी म्हटलं की ते दुखावले जायचे. “हातात घ्यायला त्या काय मांजर आहेत? चावल्या म्हणजे? आणि कोणी तुम्हाला असं उचलून पाहुण्यांना दाखवलं तर चालेल का?”

मला त्या खोलीत बसायला आवडायचं, हेही मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. तिथे बोलावं लागत नसे.

बाईंचा आहार झुरळं आणि नाकतोडे. नाकतोडे पावसाळ्यात मिळत. बाकीचं वर्ष दादा संध्याकाळी रिकामी काडेपेटी घेऊन ओळखीच्या घरी जायचे, विरजण मागायला जावं तसे.

“वहिनी, एखादं झुरळ होतं का?”

“इश्श! आमच्या घरात? ना बाप्पा. आमच्याकडे नसतात झुरळं.”

“नसतातच जी. पण चुकून एखादं आलं असेल तर. मोरीकडे बघतो फक्त.”

आणि मोरीकडून परत येताना काडेपेटी शर्टाच्या खिशात गेलेली असायची. वहिनी चहा ठेवायच्या, दादा चहा प्यायचे, झुरळाचा विषय दोघांपैकी कोणी काढत नसे. औषध मारलेल्या घरातलं मात्र ते घेत नसत. दारातच हुंगून म्हणायचे, “अच्छा, औषध मारलं वाटतं. चलो, नंतर येतो.” कोणाच्या घरी किती झुरळं हे जबलपुरात त्या एका माणसाला ठाऊक होतं. आम्ही कँटीनमध्ये पुष्कळ खोदून विचारलं. दादांनी एका घराचं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

चेरीतालला ते राहायचे ते घर काकूंचं. काकू म्हणजे एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. खाली त्या, वर दादा. मुलगा हैदराबादला मोठ्या कंपनीत. बरणी पहिल्यांदा घरी आली तेव्हा काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “दादा, ते वर राहील ना? खाली नाही येणार?” दादा म्हणाले, “नाही येणार.” काकूंनी एवढ्यावर विश्वास ठेवला. पुढे तर रोज सकाळी खालून हाक यायची, “काय म्हणतात बाई?” आणि वरून उत्तर, “बऱ्या आहेत.”

त्या चैत्रात काकूंनी हळदीकुंकू केलं. खरं काय झालं ते मला दादांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, म्हणजे रचताना मला ते पूर्ण माहीत होतं. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीला हरभरे, सगळं रीतसर झालं. मग काकूच म्हणाल्या, घरात आणखी एक बाई आहेत, त्यांना काहून वगळायचं? आणि ताट घेऊन वर गेल्या. दोन-दोन बायका चपला काढून मागोमाग जाऊन आल्या. प्रत्येकीला दोन पायांची टोकं दिसली. काकूंनी बरणीच्या झाकणाला हळदीकुंकू लावलं, आणि सगळ्या खाली येऊन कलिंगड खायला बसल्या. झालं.

भाद्रपदात मंडळाच्या गणेशोत्सवात ‘विविध गुणदर्शन’ असतं. नाट्यछटा म्हणणारे एक गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले. सेक्रेटरी माझ्या मागे लागले. “अरे, तू कँटीनमध्ये दादांची नक्कल करतो ना? तेच कर दहा मिनिटं. काही लागत नाही.” कँटीनमध्ये मी करायचो ती दोघा-तिघांपुरती, खालच्या आवाजात. नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढंही मला जमलं नाही, म्हणून मी उभा राहिलो.

दादा तिसऱ्या रांगेत होते, त्यांच्या शेजारी काकू.

समोसा झाला. हशा आला. काडेपेटी झाली, मोठा हशा आला, आणि काही वहिनी जरा जास्तच जोरात हसल्या. पंखा बंद करून कुजबुजणं झालं. मग माझ्याकडचं संपलं. खऱ्या गोष्टीत पुढे काही घडतच नव्हतं; बाई सालीमागे होत्या आणि सालीमागेच राहत होत्या. समोर सगळा हॉल तोंड उघडं ठेवून वाट पाहत होता. माझ्यासाठी कोणी असं कधी थांबलं नव्हतं. मी म्हणालो, “आणि मग आलं काकूंचं हळदीकुंकू.”

पुढचं तोंडात आपोआप येत गेलं. हरभऱ्यांचं पातेलं. झोपाळा. एका वाक्याला हशा आला की दुसऱ्याला हवासा वाटे. मी बाईंची चाल करून दाखवली, उडी मारून दाखवली, बायका धावल्या, कमानिया गेटाचे दुकानदार बाहेर आले. लोकांनी बाक बडवले. खाली उतरलो तेव्हा सेक्रेटरींनी मला मिठी मारली. दादाही टाळ्या वाजवत होते. काकू वाजवत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या गुणी विद्यार्थ्याच्या पेपरात कॉपी सापडल्यावर येईल तसं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी ते मोबाईलवर फिरलं. आणि एक गंमत झाली. त्या हळदीकुंकवाला ज्या बायका खरोखर हजर होत्या, त्यांनी सांगून टाकायला हवं होतं की असं काही झालं नाही. पण एक म्हणाली, मी लवकर निघाले, नंतर झालं असेल. दुसरी म्हणाली, मला पातेल्यात काही हललंसं वाटलं होतं खरं. आठवड्याभरात एकीच्या चपलाही तिथे राहिल्या होत्या. एवढी मजा आपण असताना झाली नाही असं म्हणायला कोणी तयार होईना. एकट्या काकू म्हणत राहिल्या, “अहो, काही झालं नाही.” त्यावर लोक आणखी हसायचे. काकू भाडेकरूला सांभाळून घेताहेत!

ते हैदराबादला पोचलं. मुलाने काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, खोटं आहे. मुलगा म्हणाला, “आई, तू माझ्यापासून लपवून राहिली. एकटी राहतेस, घरात विषारी जनावर मोकळं फिरतं, आणि तू सांगतसुद्धा नाहीस.” त्याला आईचं खरं वाटेना म्हणून त्याने कुठून तरी माझा नंबर मिळवला.

रविवारची दुपार होती. घरी सासुरवाडीची माणसं आली होती, आणि नुकताच त्यांना मी तो व्हिडिओ दाखवला होता. मुलगा फार सभ्यपणे बोलला. “काका, तुम्ही सांगाल ते मी मानतो. हे खरं आहे का? नसेल तर विषय संपला, दादा राहू देत आणि त्यांचा कोळीही.”

नाही, असा एक शब्द पुरला असता. खोलीतले सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. मी म्हणालो, “आता मी काय सांगू… थोडंफार वाढवावं लागतं हो स्टेजवर. तुम्ही समजून घ्या.”

त्याने समजून घेतलं. थोडंफार वाढवलंय, म्हणजे बाकीचं खरं आहे.

मुलाने दादांपुढे दोनच वाटा ठेवल्या. कोळी सोडायचा, नाहीतर खोली सोडायची. काकू भांडल्या असाव्यात. दादांनी मात्र मुलाला एकदाही सांगितलं नाही की हे रचलेलं आहे. सांगितलं असतं तर मी खोटा ठरलो असतो. ते सोमवारी कारखान्यात माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “तुमची स्कूटर आहे ना? संध्याकाळी बाईंना पोचवून यायचं आहे. बसमध्ये हादरे फार बसतात जी.”

मी पुढे, मागे दादा, मांडीवर रजईत बरणी. चेरीतालपासून रांझीपर्यंत इतकी हळू स्कूटर मी कधी चालवली नाही. सायकलवाले पुढे जात होते. प्रत्येक गतिरोधकाला दादा माझ्या खांद्यावर बोट टेकवायचे, मी थांबायचो, ते उतरून बरणी हातात घेऊन तो उंचवटा चालत ओलांडायचे आणि परत बसायचे. कारखान्याच्या भिंतीला लागून जुन्या आंब्यांची रांग आहे. त्यातलं ढोली असलेलं एक झाड त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. ढोलीच्या तोंडाशी त्यांनी बरणी आडवी धरली आणि झाकण काढलं.

बाई बाहेर येईनात. दादा तसेच हात उंचावून उभे. उजेड उतरत चालला. मी म्हणालो, “दादा, थोडं हलवून बघू का बरणी?”

“नको. येतील. जुनं घर आहे, वेळ लागतो.”

हात बदलताना त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, “कार्यक्रम चांगला झाला तुमचा. फक्त एक आहे. तुम्ही उडी दाखवली. बाई तशी उडी नाही मारत. घाबरल्या तर धावतात, नाहीतर अंग टाकून देतात खाली. पुढच्या वेळी दुरुस्त करून घ्या.”

मी “हो” म्हणालो. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. मी “हो” म्हणालो.

मग बाई बाहेर आल्या. डब्यात घेतल्या त्या दिवसानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच अख्खं पाहिलं. मी स्टेजवर दाखवल्या होत्या त्याहून लहान होत्या. बरणीच्या काठावर क्षणभर थांबल्या, आणि डोळ्यांची पापणी लवली असेल नसेल तेवढ्यात ढोलीत गेल्या. दादा तरीही बराच वेळ बरणी धरून उभे होते.

“चलो,” शेवटी म्हणाले. परतताना मी सवयीने गतिरोधकापाशी थांबलो. “नाही, जाऊ द्या आता,” ते म्हणाले.

यापुढचं लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. पुढच्या वर्षी मंडळाने तोच आयटम पुन्हा मागितला आणि मी तो पुन्हा केला. दादांची दुरुस्तीही घेतली. उडीच्या जागी बाई झोपाळ्यातून धप्पकन खाली पडतात असं दाखवलं. हशा आधीपेक्षा जास्त आला. दादा तिसऱ्या रांगेत होते आणि त्या जागी त्यांनी मान डोलावली.

दादा आता निवृत्त आहेत, काकूंकडेच राहतात. वाटेत भेटले की थांबतात, माझ्या मुलांची चौकशी करतात. पंखा चालू करतात आताशा. काकू मात्र माझ्याशी बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे, या, बसा, चहा घ्या, एवढंच बोलतात. मुलगा रोज रात्री त्यांना फोन करून विचारतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का. त्या हो म्हणाल्या तरी तो दादांना वेगळा फोन करून खात्री करून घेतो. आई खोटं बोलते, अशी त्याची पक्की समजूत झाली आहे. दादांनी हसत हसत मला हे सांगितलं. मला हसता आलं नाही.

यंदाही सेक्रेटरींचा फोन आला होता. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

काकूंच्या मुलाला फोन करून, तुमची आई खरं बोलत होती आणि मी खोटं बोललो, हे सांगणं माझ्याकडून राहिलं आहे. मंडळाच्या स्टेजवर, त्याच लोकांसमोर, तेच सांगणं राहिलं आहे. आणि दादांपुढे बसून माफी मागणं राहिलं आहे. हे लिहून यातलं काहीच झालेलं नाही.